ट्रॅक्टरची देखभाल डीलरकडे द्यायची की स्वतः करायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रॅक्टर घेताना आपण एचपी, गिअर, हायड्रॉलिकची उचल असं सगळं दहा जणांना विचारून घेतो. सर्व्हिसिंगचा निर्णय मात्र बहुतेक वेळा सवयीने होतो. कुणी शेवटपर्यंत डीलरकडेच नेतो, तर कुणी मोफत सर्व्हिसिंग संपताच पाना हातात घेतो. मी दोन्ही करून पाहिलं आहे आणि दोन्हींत नुकसानही सोसलं आहे. लोक मला वारंवार विचारतात त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देतो.

थोडक्यात सांगा, डीलरकडे न्यायचा की घरी करायचं?

अख्ख्या ट्रॅक्टरसाठी एकच उत्तर नाही, ते कामागणिक बदलतं. मी प्रत्येक कामाच्या आधी स्वतःला विचारतो: यात माझ्या हातून चूक झाली तर ती मला कळेल कधी?

ऑइलचा ड्रेन बोल्ट ढिला राहिला तर पाच मिनिटांत जमिनीवर थेंब दिसतात. डिझेल फिल्टर नीट बसला नाही तर इंजिन सुरूच होत नाही. अशी चूक लगेच समोर येते आणि सुधारताही येते. ही कामं घरची.

टॅपेटची गॅप (व्हॉल्व्हजवळची ठरलेली फट) चुकली, क्लच प्लेटला ग्रीसचा हात लागला, डिफरन्शियलचं बेअरिंग जास्त आवळलं गेलं, तर ट्रॅक्टर त्या दिवशी व्यवस्थित चालतो. दोष शे-दोनशे तासांनी बाहेर येतो आणि तोवर शेजारचे दोन-चार पार्टही गेलेले असतात. ही कामं ज्याच्याकडे मोजायची साधनं आणि हाताला सराव आहे त्याची, मग तो डीलर असो वा दुसरा चांगला मिस्त्री.

वॉरंटी असताना घरी ऑइल बदललं तर वॉरंटी जाते का?

ते वॉरंटीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय त्यावर ठरतं, आणि प्रत्येक कंपनीचं लिहिणं वेगळं असतं. काही कंपन्या ठरलेल्या तासांना अधिकृत वर्कशॉपमध्येच सर्व्हिसिंग व्हावं अशी अट घालतात. काहींना योग्य दर्जाचं ऑइल, योग्य फिल्टर आणि वेळेवर काम झाल्याचा पुरावा चालतो. पुस्तिकेतला तो भाग स्वतः वाचा, आणि शंका असेल तर डीलरकडून लेखी उत्तर घ्या. काउंटरवर तोंडी मिळालेलं उत्तर दावा करायच्या वेळी उपयोगी पडत नाही.

माझा सल्ला सरळ आहे. वॉरंटीचा काळ संपेपर्यंत ठरलेली सर्व सर्व्हिसिंग डीलरकडेच करा आणि दर वेळी पुस्तिकेवर शिक्का, तारीख आणि तास लिहून घ्या. इंजिन किंवा गिअरबॉक्ससारखा मोठा दोष निघालाच, तर एका सर्व्हिसिंगची वाचवलेली मजुरी त्यापुढे काहीच नसते. दरम्यान रोजची तपासणी, ग्रीस, हवा, साफसफाई यांना कुणी अडवत नाही. उलट ती कामं मालकानेच करायची असं पुस्तिकेतच लिहिलेलं असतं.

पहिल्या सर्व्हिसिंगला सगळे एवढं महत्त्व का देतात?

नवीन इंजिनात रिंगा आणि लायनर, गिअरचे दाते, बेअरिंग हे सगळे एकमेकांवर घासून बसत असतात. त्यात धातूचा बारीक चुरा सुटतो आणि तो ऑइलमध्ये येतो. म्हणून बहुतेक ट्रॅक्टरांना पहिलं सर्व्हिसिंग ५० तासांच्या आसपास सांगितलेलं असतं, आणि त्यात इंजिन ऑइलबरोबर हायड्रॉलिकचा फिल्टरही येतो. याच वेळी चाकांचे नट आणि इतर बोल्ट ठरलेल्या टॉर्कला पुन्हा आवळतात, कारण सुरुवातीच्या कामात ते थोडे बसतात. ऑइल अजून स्वच्छ दिसतंय म्हणून हे सर्व्हिसिंग पुढे ढकलू नका.

महिने मोजायचे की तास?

दोन्ही, आणि जे आधी भरेल ते धरायचं. कामाचा हिशेब अवर मीटरवरून. साधारण क्रम १० तास किंवा रोज, मग ५०, २५०, ५०० आणि १००० तास असा असतो. नेमके आकडे तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतले धरा. वर्षात तास कमी भरत असतील तरी इंजिन ऑइल वर्षातून एकदा बदलावं, कारण उभ्या ट्रॅक्टरातही ऑइलमध्ये ओलावा आणि आम्ल साचतं.

कितीही चांगला डीलर असला तरी कोणती कामं घरीच करावी लागतात?

रोजची. डीलर तुमचा ट्रॅक्टर वर्षातून दोन-चार वेळा पाहतो, तुम्ही रोज पाहता. माझ्या अनुभवात मोठा बिघाड अचानक फार कमी वेळा येतो. आधी तो एखाद्या थेंबातून, वेगळ्या आवाजातून किंवा थोड्या जास्त तापमानातून दिसत असतो.

सकाळी इंजिन थंड असताना, सपाट जागेवर, डिपस्टिक पुसून ऑइल पाहा. डिझेल इंजिनचं ऑइल काळं होणं साहजिक आहे, काजळीमुळे ते होतंच, त्याला घाबरू नका. दुधाळ झालं असेल तर त्यात पाणी गेलंय. पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला, तर इंधन झिरपतंय. या दोन्ही वेळी इंजिन सुरूच करू नका. मग कूलंट पाहा, डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरच्या वाटीत तळाशी पाणी दिसतंय का पाहा आणि असेल तर सोडून द्या. शेवटी रात्रभर ट्रॅक्टर जिथे उभा होता ती जमीन पाहा. ताजा डाग कोणत्या भागाखाली आहे त्यावरून अर्धं निदान तिथेच होतं.

ग्रीस हा दुसरा विषय. पुढच्या अ‍ॅक्सलची पिव्हट पिन, किंगपिन, स्टिअरिंगचे सांधे, क्लच आणि ब्रेक पेडलचा शाफ्ट, मागच्या लिंकेज या सगळ्यांना ग्रीस भरायचे निप्पल असतात. निप्पल आधी चिंधीने पुसायचा, नाहीतर ग्रीसबरोबर माती आत जाते. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन मारायची. चिखलात किंवा पाण्यात काम झालं असेल तर त्याच संध्याकाळी ग्रीस द्या, ५० तासांची वाट पाहू नका. जुन्या ट्रॅक्टरांत पुढची चाकं डुलताना दिसतात, ती बहुतेक किंगपिनला वेळेवर ग्रीस न मिळाल्यामुळे.

फॅन बेल्ट अंगठ्याने मधोमध दाबून पाहा. साधारण १० ते १५ मिलिमीटर दबला तर ठीक. टायरची हवा गेजने मोजा, नुसत्या लाथेने कळत नाही. क्लच पेडलचा फ्री प्ले (दाबताना सुरुवातीची मोकळी चाल) आठवड्यातून एकदा तपासा. तो शून्य झाला की रिलीज बेअरिंग सतत फिरत राहतं आणि प्लेट घसरून जळते. ही जुळवणी दोन पान्यांनी पंधरा मिनिटांत होते. तिच्याकडे कानाडोळा केला तर पुढे क्लचसाठी ट्रॅक्टर मधून दोन भागांत उघडावा लागतो.

काम सुरू करण्याआधी सुरक्षेचं काय पाहायचं?

हे आधी वाचा, मग पाना उचला.

अवजार जमिनीवर टेकवा, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद करा, हँडब्रेक ओढा, चावी काढून खिशात ठेवा आणि चाकांना ठोकळे लावा. हायड्रॉलिकवर उचललेल्या अवजाराखाली कधीही जाऊ नका, एक सील फुटला की ते क्षणात खाली येतं. जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरलाही खाली भक्कम आधार द्या.

स्टार्टरच्या दोन टोकांना स्क्रूड्रायव्हर लावून ट्रॅक्टर सुरू करायची सवय अनेकांना असते. तसं केल्याने न्यूट्रलचा सेफ्टी स्विच बाजूला पडतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो मागच्या चाकाजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावरच जातो. असे मृत्यू झालेले आहेत. सेल्फ लागत नसेल तर दोष शोधा, ही युक्ती कुणालाही शिकवू नका.

डिझेलच्या किंवा हायड्रॉलिकच्या दाबाच्या नळीतली गळती हाताने चाचपू नका. सुईएवढ्या छिद्रातून सुटलेली धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आतला भाग सडू शकतो. असं झालं तर दुखत नसलं तरी ताबडतोब रुग्णालयात जा आणि कोणता द्रव होता ते सांगा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरायचा.

इंजिन ऑइल आणि फिल्टर घरी बदलताना नेमकं कुठे चुकतं?

पहिल्यांदा स्वतः करायला हेच काम सगळ्यांत चांगलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून ऑइल कोमट करा. थंड ऑइल जाड असतं आणि गाळ तळाशीच राहतो. फार तापलं असेल तर हात भाजतो. चेंबरखाली (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तो भाग) मोठा ट्रे ठेवा आणि ड्रेन बोल्ट काढा. बोल्टचा वॉशर दबलेला असेल तर नवा टाका. ऑइल निथळायला वेळ द्या, शेवटचा काळा भागच घाण घेऊन येतो.

फिल्टर काढल्यावर जुनी रबरी रिंग फिल्टरबरोबर निघाली का, हे डोळ्यांनी पाहा. ही चूक मी स्वतः केली आहे. जुनी रिंग इंजिनच्या बैठकीला चिकटून राहिली आणि मी नवा फिल्टर तिच्यावरच बसवला. उभ्या ट्रॅक्टरवर एक थेंब गळला नाही. शेतात लोड आला, ऑइलचा दाब वाढला, रिंग सरकली आणि काही मिनिटांत बरंच ऑइल बाहेर आलं. ऑइलच्या दाबाचा दिवा लागलेला दिसला म्हणून लगेच बंद केलं आणि इंजिन वाचलं. तेव्हापासून मी बैठक बोटाने चाचपून, पुसून मगच नवा फिल्टर लावतो. फिल्टर बदलल्यावर आरपीएम वाढवून एक मिनिट खाली वाकून पाहतो, मगच काम झालं असं धरतो.

नव्या रिंगला स्वच्छ ऑइलचा हात लावा. रिंग टेकल्यावर पुढे साधारण पाऊण फेरा हातानेच आवळायचा. फिल्टर पाना काढण्यासाठी असतो, बसवण्यासाठी नाही. ड्रेन बोल्टलाही ताकद लावायची गरज नसते. चेंबरचे आटे गेले की छोटं काम मोठं होतं. ऑइल भरल्यावर इंजिन कमी आरपीएमवर सुरू करा. दाबाचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद करा. नंतर पाच मिनिटं थांबून पातळी पुन्हा पाहा, कारण फिल्टर भरताना थोडं ऑइल त्यात जातं. खुणेच्या वर भरणं हेही नुकसानच आहे.

कोणतं ऑइल टाकायचं? सगळी सारखीच असतात ना?

नसतात. डब्यावर दोन गोष्टी पाहा. १५डब्ल्यू-४० हा दाटपणा झाला: पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा, दुसरा १०० अंश सेल्सिअसला किती दाट राहतं त्याचा. सीआय-४, सीके-४ हा दर्जा झाला. पुस्तिकेत सांगितलेला दर्जा किंवा कंपनीने मान्य केलेला त्यापुढचा दर्जा चालतो. एक्झॉस्टमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या इंजिनांना कमी राखेचं ऑइलच लागतं, नाहीतर फिल्टर राखेने भरतो.

खरा गोंधळ मागच्या ऑइलचा होतो. बहुतेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल, हायड्रॉलिक आणि ऑइलमधले ब्रेक एकाच ऑइलवर चालतात. त्याला यूटीटीओ म्हणतात. त्या एकाच ऑइलला गिअरचे दाते वाचवायचे असतात, पंपातून दाब द्यायचा असतो आणि ब्रेक प्लेट गुळगुळीतपणे पकडू द्यायच्या असतात. त्यात साधं गिअर ऑइल किंवा उरलेलं इंजिन ऑइल टाकलं की ब्रेक करकरतात, धरताना ट्रॅक्टर थरथरतो आणि प्लेट झिजतात. हे ऑइल एका वेळी ३०, ४० किंवा त्याहून जास्त लिटर लागतं, म्हणून स्वस्ताचा मोह इथेच होतो. बाकी कुठेही काटकसर करा, इथे नको.

एअर फिल्टर रोज काढून झटकावा का?

नाही. देखभालीची सगळ्यांत जास्त आवड असलेले लोक इथेच नुकसान करून घेतात. कोरड्या प्रकारचा फिल्टर दर वेळी बाहेर काढला की थोडी धूळ स्वच्छ बाजूला पडते. टायरवर आपटला की कागदाच्या घड्या आणि कडेची रबरी सील वाकते. मग धूळ फिल्टरला वळसा घालून थेट सिलिंडरमध्ये जाते, रिंगा आणि लायनर घासते. काही काळाने इंजिन ऑइल खाऊ लागतं आणि दोष ऑइलला दिला जातो.

फिल्टर तुंबल्याचा दर्शक लाल झाला किंवा दिवा लागला की फिल्टर काढा. बाहेरचा फिल्टर हवेने साफ करायचा असेल तर दाब साधारण ३० पीएसआयच्या आत ठेवा आणि हवा आतून बाहेर मारा. मग आत दिवा धरून बाहेरून पाहा. कुठे प्रकाशाचा ठिपका दिसला तर फिल्टर फेका. आतला लहान फिल्टर साफ करायचा नसतोच, तो फक्त बदलायचा. रोज काढायचं ते फक्त पुढच्या वाटीतली किंवा रबरी व्हॉल्व्हमधली धूळ.

ऑइल बाथ प्रकारात (हवा ऑइलच्या वाटीतून गाळली जाते तो) मात्र नियम उलटा. धुळीच्या कामात वाटी रोज पाहा, तळाशी गाळ बसला की धुऊन नवं ऑइल भरा, आणि खुणेच्या वर अजिबात नको. जादा ऑइल इंजिनात ओढलं जाऊ शकतं.

डिझेल फिल्टर बदलला आणि आता ट्रॅक्टर सुरूच होत नाही. काय बिघडलं?

बहुतेक काहीच नाही, लाइनने हवा धरली आहे. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू ढिला करा आणि हँड प्राइमर मारत राहा. बुडबुड्यांशिवाय सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा. सतत सेल्फ मारत राहू नका, त्याने बॅटरी उतरते आणि स्टार्टर तापतो.

हे जुन्या, यांत्रिक पंपाच्या ट्रॅक्टरसाठी. कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची, फार जास्त दाबाची इंधन यंत्रणा) इंजिनात दाबाच्या नळ्यांचे नट कधीही ढिले करू नका. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये साधारण १ बारच्या आसपास दाब असतो, तर या नळ्यांत तो हजार बारच्या वर जातो. तिथे पुस्तिकेतली पद्धतच वापरा.

रेडिएटरमध्ये साधं पाणी चालतं का?

अडचणीत, घरी पोहोचेपर्यंत. कायमचं नाही. कूलंट पाणी गोठू देत नाही, उकळी उशिरा आणतं आणि आतून गंज धरू देत नाही. साधारण निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी हे मिश्रण बऱ्याच ठिकाणी सांगितलेलं असतं. क्षारयुक्त पाण्याने आत पापुद्रा बसतो आणि मग इंजिन विनाकारण तापतं. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, ब्लॉकला किंवा हेडला तडा जाऊ शकतो. भुसा आणि कचरा जाळीतून रोज काढा. पाण्याची जोरदार धार जवळून मारली तर पात्या वाकतात, म्हणून धार लांबूनच धरा.

कोणत्या कामांना घरी हातही लावू नये?

फ्युएल इंजेक्शन पंप आणि नोझल. यांचे भाग इतके काटेकोर असतात की उघड्यावर उडालेली धूळही पुरते, आणि तपासायला टेस्ट बेंच लागतो. कॉमन रेलच्या अनेक इंजेक्टरवर कोड असतो आणि तो ईसीयूमध्ये (इंजिनच्या संगणकात) भरावा लागतो.

क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल. यासाठी ट्रॅक्टर दोन भागांत सोडवावा लागतो. त्यासाठीचे स्टँड नसतील तर हे काम जिवावर बेतू शकतं. हायड्रॉलिक पंप आणि रिलीफ व्हॉल्व्हची सेटिंगही यात आली. उचल कमी वाटते म्हणून व्हॉल्व्ह आवळणाऱ्यांनी पंप फोडलेले मी पाहिले आहेत. दाब गेजने मोजल्याशिवाय तिथे पाना लावू नये.

मोठे टायर चढवणं-उतरवणंही नको. रिमवर बसताना टायर फुटला तर जवळचा माणूस वाचत नाही.

टॅपेटची गॅप मी सीमेवर ठेवतो. फीलर गेज, पुस्तिका आणि शेजारी शिकवणारा माणूस असेल तर शिकण्यासारखं काम आहे. यातलं एकही नसेल तर नको.

नव्या ट्रॅक्टरात एवढी इलेक्ट्रॉनिक्स आहेत, मग घरी काही उरतंच का?

ऑइल, फिल्टर, ग्रीस, कूलंट, बेल्ट, टायर, बॅटरी ही कामं तशीच राहिली आहेत. बदललंय ते निदान. डिस्प्लेवर फॉल्ट कोड आला की तो वाचून पुढची चाचणी करायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, आणि तिथे मालक डीलरवर अवलंबून राहतो. यावरून अमेरिकेत मोठा वाद झाला. जानेवारी २०२३ मध्ये जॉन डिअर कंपनी आणि अमेरिकन फार्म ब्युरो फेडरेशन यांनी दुरुस्तीची माहिती आणि साधनं शेतकऱ्यांना मिळावीत म्हणून सामंजस्य करार केला. त्याच वर्षी कोलोराडो राज्याने शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. माझ्या मते हा हक्क मालकाला मिळालाच पाहिजे. पेरणीच्या दिवसांत एका सेन्सरसाठी यंत्र उभं राहणं शेतकऱ्याला परवडत नाही.

कोड आला तर तो आणि त्या वेळचे तास लिहून घ्या, फोटो काढा. हे तुम्ही डीलरला फोनवर सांगितलं तर तो योग्य पार्ट घेऊन येतो. वेल्डिंग करायचं असेल तर आधी पुस्तिकेप्रमाणे बॅटरी आणि ईसीयूच्या जोडण्या सोडवा. बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी काढायची आणि जोडताना शेवटी लावायची. डीपीएफ असेल तर रिजनरेशन (साचलेली काजळी जाळून टाकणं) सुरू असताना मधेच इंजिन बंद करू नका. त्या वेळी आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं, म्हणून ट्रॅक्टर वाळलेल्या गवतावर किंवा काडावर उभा ठेवू नका.

डीलर नको आणि स्वतःही जमत नाही. बाहेरचा मिस्त्री चालेल का?

वॉरंटी संपलेल्या, यांत्रिक पंपाच्या ट्रॅक्टरला चांगला मिस्त्री उत्तम. अनेकदा तो डीलरच्या नव्या मुलांपेक्षा जास्त अनुभवी असतो. पारख करायची असेल तर बोल्ट आवळताना टॉर्क रेंच वापरतो का पाहा, उघडलेले भाग झाकून ठेवतो का पाहा, आणि पुस्तिकेतला आकडा विचारायला लाजतो का पाहा. सगळं अंदाजानेच करणाऱ्याच्या हाती इंजिन देऊ नका.

डीलरकडे काम खरंच झालं हे कसं ओळखायचं?

एका वर्कशॉपच्या बिलात हायड्रॉलिक फिल्टर बदलल्याचं लिहिलं होतं. मी आदल्या वेळी त्या फिल्टरवर रंगाची खूण केली होती. ती खूण तशीच होती. मी ते दाखवलं, फिल्टर बदलून मिळाला, पण विश्वास गेला तो गेलाच.

ट्रॅक्टर देण्याआधी तक्रारी जॉब कार्डवर स्वतः लिहून द्या. ‘आवाज येतो’ एवढं लिहून भागत नाही. ‘तिसऱ्या गिअरमध्ये, लोडवर, डाव्या बाजूने’ असं लिहा. जुने पार्ट आणि फिल्टर परत मागा. शक्य असेल तर शेजारी थांबा. चांगलं वर्कशॉप याला नाही म्हणत नाही, आणि शिकायचं असेल तर याहून चांगली जागा नाही.

कंपनीचेच पार्ट घ्यावेत का?

फिल्टर, सील आणि ब्रेकचे पार्ट यांत कंपनीचे, नाहीतर कंपनीला पुरवणाऱ्या नामांकित उत्पादकाचेच घ्या. स्वस्त फिल्टर बाहेरून सारखाच दिसतो, आतला कागद आणि बायपास व्हॉल्व्ह वेगळा असतो. बेअरिंग आणि बेल्ट नंबरावरून चांगल्या उत्पादकाचे घेतले तर चालतात. बल्ब, सीट, मडगार्ड कुठलंही घ्या.

घरी केल्याने पैसे खरंच वाचतात का?

लोक समजतात तेवढे नाहीत. ऑइल आणि फिल्टर दोन्हीकडे विकतच घ्यावे लागतात, वाचते ती मजुरी आणि नेण्या-आणण्याचा खर्च. डीलर जवळ असेल आणि वर्षाचे तास थोडेच असतील तर हा फरक लहान असतो. डीलर लांब असेल, तास भरपूर असतील किंवा दोन-तीन ट्रॅक्टर असतील तर फरक मोठा होतो आणि हत्यारांचा खर्च लवकर निघतो.

पण माझ्या दृष्टीने खरा हिशेब उभ्या ट्रॅक्टरचा आहे. ऐन हंगामात डीलरकडे रांग असते. जो घरी ऑइल-फिल्टर बदलू शकतो त्याचं काम एका दुपारी होतं. ज्याला जमत नाही त्याचा ट्रॅक्टर एक-दोन दिवस खोळंबतो आणि तेवढ्यात वाफसा निघून जातो. मोठी कामं मात्र हंगाम संपताच डीलरकडे काढा. तेव्हा त्यालाही वेळ असतो आणि पार्ट यायला उशीर झाला तरी तुमचं काही अडत नाही.

ट्रॅक्टर पुढे विकायचा असेल तर शिक्के असलेली पुस्तिका किंमत टिकवते, हेही हिशेबात धरा.

काढलेलं जुनं ऑइल कुठे टाकायचं?

डब्यात भरून झाकण लावा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे किंवा वर्कशॉपमध्ये द्या. मातीत, विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका. लाकडाला लावणं किंवा जाळणंही नको, त्यात जड धातू असतात.

सुरुवातीला कोणती हत्यारं लागतात?

रिंग आणि ओपन पान्यांचा संच, सॉकेट सेट, फिल्टर पाना, ग्रीस गन, टायर गेज, ऑइलचा ट्रे, नरसाळं आणि स्वच्छ चिंध्या. त्यानंतर घ्यायचा तो टॉर्क रेंच, आणि तो चांगल्या दर्जाचाच घ्या. मल्टीमीटरही लवकरच लागतो.

मला यातलं काहीच येत नाही. सुरुवात कुठून करू?

पुस्तिका आणि एक वही, इथून. वहीत प्रत्येक कामाला तारीख, अवर मीटरचा आकडा, टाकलेल्या ऑइलचा दर्जा आणि लिटर, फिल्टरचा नंबर लिहा. मध्ये किती ऑइल वरून घालावं लागलं तेही लिहा. १०० तासांत अर्धा लिटर लागायचं ते दीड लिटर लागू लागलं, तर ते तुम्हाला वहीत आधी दिसेल, धुरात नंतर.

पहिला महिना फक्त रोजची तपासणी आणि ग्रीस करा. पुढच्या सर्व्हिसिंगला डीलरकडे शेजारी उभं राहून ऑइल बदलताना पाहा, कोणता बोल्ट कुठे आहे ते विचारा. त्यानंतरचं ऑइल घरी, पण जाणकार माणूस सोबत घेऊन, आणि सकाळी बदला. संध्याकाळी सुरू केलेलं काम अंधारात घाईने संपवावं लागतं. सकाळी एखादा पार्ट कमी पडला तर दुकान उघडं असतं.

वहीत पहिली नोंद आजच्या अवर मीटरच्या आकड्याची करा. शेवटचं ऑइल कधी बदललं ते आठवत नसेल, तर ऑइल आणि फिल्टर बदलून घ्या आणि तिथून मोजायला लागा.